रेघेखालचा पान नंबर

माझं अक्षर चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात या अक्षराचा मोठा वाटा आहे. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला गुरुजी मलाच पाठवायचे. कॉलेजात शिकवायला लागल्यावर स्नेहसंमेलनाच्या पत्रिका माझ्याच हातच्या असायच्या. निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात तिघं बोलले आणि तिघांनीही माझ्या विषयाबद्दल चकार शब्द न काढता अक्षराची तारीफ केली. माझा विषय समाजशास्त्र. उमरखेडच्या एका कॉलेजात तो मी आयुष्यभर शिकवला. पण या अंकाच्या संपादकांनी कामाचे अनुभव लिहायला सांगितले तेव्हा त्यातलं काहीच डोळ्यांपुढे येईना. आले ते रविवार.

रविवारी आमच्याच इमारतीत मुक्त विद्यापीठाचं अभ्यास केंद्र भरायचं. बाहेरच्या माणसाला या प्रकाराची कल्पना नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. इथे रोजचे वर्ग नसतात. पुस्तकं विद्यार्थ्याच्या हातात देतात, ती त्यानं आपल्या घरी, आपल्या सवडीनं वाचायची. गृहपाठ लिहून केंद्रावर आणून द्यायचा आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा द्यायची. मधे अडलं तर रविवारी यायचं. तिथे मदतीला जो बसतो त्याला समंत्रक म्हणतात. समंत्रकानं व्याख्यान झोडायचं नसतं, वाचायला मदत करायची असते. मी पहिली काही वर्षं व्याख्यानच झोडलं, कारण मला तेवढंच येत होतं.

येणारी माणसं मोठी मजेदार असत. एसटीचे कंडक्टर, अंगणवाडीच्या सेविका, कापसाच्या जिनिंगमधला वजनकाट्यावरचा माणूस, लग्नात शिक्षण सुटलेल्या आणि आता मुलांच्या बरोबरीनं अभ्यासाला बसलेल्या बाया. एक निवृत्त हवालदार होते. त्यांना नातवाच्या आधी बी. ए. व्हायचं होतं, आणि नातू बारावीला दोनदा अडकल्यामुळे ते जमण्यासारखंही होतं. व्यवहारात ही मंडळी मला उभ्या बाजारात विकून आली असती. पण पुस्तकाचं एक पान वाचायला दिलं आणि विचारलं, काय वाचलं, की सगळे गप्प. वाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. खणखणीत वाचायचे, एक अक्षर चुकायचे नाहीत. फक्त पान संपलं की हाती काही उरायचं नाही. मग महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारा म्हणून सांगितलं. हवालदारांच्या पुस्तकात एकही ओळ रेघेवाचून राहिली नाही. मी म्हटलं, यातलं महत्त्वाचं कोणतं ते कसं कळणार? तर म्हणाले, "सर, सरकारी पुस्तक हाये. बिनकामाचं कायले छापतीन?"

अशात एका प्रशिक्षणाला गेलो आणि तिथे संकल्पना नकाशा नावाची गोष्ट शिकून आलो. नाव भारदस्त आहे, काम साधं आहे. एखादा पाठ वाचायचा. तो मुख्यतः कशाबद्दल आहे ते कागदाच्या मधोमध चौकोनात लिहायचं. पाठातल्या बाकीच्या गोष्टी भोवती चौकोनांत मांडायच्या आणि ज्यांचा एकमेकींशी संबंध आहे त्या रेघेनं जोडायच्या. खरी मेहनत पुढे. प्रत्येक रेघेवर तो संबंध काय आहे ते लिहायचं: ‘मुळे’, ‘म्हणून’, ‘असूनही’, ‘पैकी एक’. तो शब्द लिहायला गेलं की आपल्याला पान कळलेलं नाही हे लगेच कळतं आणि माणूस परत पुस्तकात डोकं घालतो. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी आणखी एक नियम घालून दिला होता. प्रत्येक रेघेखाली पुस्तकातला पान नंबर टाकायचा. नंबर सापडत नसेल तर ती रेघ पुस्तकातली नाही, तुमच्या डोक्यातली आहे, असं त्या म्हणाल्या होत्या. हे वाक्य मी वहीत सुंदर अक्षरात लिहून घेतलं होतं.

पहिलं वर्ष छान गेलं. त्याचा मला आजही अभिमान आहे आणि तो मी सोडणार नाही. साखरे नावाचे कंडक्टर गणवेशातच यायचे, दाराजवळ बसायचे आणि घड्याळात बघत असायचे. त्यांना रेघेवरच्या शब्दाचं महत्त्व माझ्याआधी कळलं. ते उठून वर्गाला म्हणाले, "दोन गावं कागदावर मांडली म्हंजे झालं नाई. मधात कोन्ती गाडी जाते ते लिवा लागते. नाई तं मानूस स्टँडवरच बसून राहीन." तेव्हापासून आमच्या केंद्रावर त्या शब्दाला ‘गाडी’च म्हणू लागले. "सर, या दोघांच्या मधात गाडी सापडून नाई राह्यली," असं कोणी म्हणालं की सगळे मिळून पुस्तक उघडायचे. कागद चुरगळलेले असायचे, चौकोन वाकडे असायचे आणि पान नंबरांची गर्दी झालेली असायची. पण त्या वर्षी आमची माणसं वाचायला लागली. हवालदारांनी एका पाठात चक्क चारच ओळी अधोरेखित केल्या आणि मला आणून दाखवल्या.

मग मी त्यात सुधारणा केली.

झालं असं, की एक नमुना दाखवावा म्हणून मी एका पाठाचा नकाशा स्वतः काढून आणला. पांढरा स्वच्छ कागद, पट्टीनं आखलेले चौकोन, काळ्या शाईतलं माझं अक्षर. वर्ग बघतच राहिला. कोणीतरी झेरॉक्स मागितली, मग सगळ्यांनीच मागितली. पुढच्या रविवारी दुसऱ्या पाठाचा कागद मागितला. मलाही हवंच होतं. वर्षभरात सगळ्या पाठांचे कागद तयार झाले. रेघांखालचे पान नंबर मी गाळले, कारण त्यांनी कागद बिघडलेला दिसायचा. खरं सांगायचं तर पाठ पुन्हा वाचायचीही मला गरज वाटली नव्हती. इतकी वर्षं शिकवत होतो, तोंडपाठ होतं.

विद्यार्थी ते कागद पाठ करू लागले. पुस्तकं घरी राहू लागली. पूर्वी बायांच्या पिशव्यांतून पुस्तकाचे कोपरे बाहेर आलेले दिसायचे, आता प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी केलेले माझे कागद यायचे. वाचायला शिकवण्यासाठी निघालेल्या माणसानं वाचायची गरजच संपवून टाकली होती. तेव्हा मला ते यश वाटलं. आजूबाजूच्या केंद्रांवर कागदांची मागणी होऊ लागली आणि माझी मान ताठ होत गेली.

वंदना पाईकराव त्याच वर्षी शेवटच्या वर्षाला होत्या. फुलसावंगीच्या अंगणवाडीत सेविका. चाळिशी ओलांडलेली, अंगानं किडकिडीत, बोलणं मोजकं. एसटीनं यायच्या आणि खिडकीजवळच्या बाकावर बसायच्या. पुस्तकाला पोषण आहाराच्या जुन्या पोस्टरचं कव्हर घातलेलं होतं. पुस्तक घेऊन येणाऱ्या त्या शेवटच्या एक-दोघींपैकी. दर वर्षाच्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारायचो, पदवी कशाला हवी आहे? बहुतेक जण ‘ज्ञान मिळवण्यासाठी’ वगैरे सांगायचे. या म्हणाल्या, "मले पर्यवेक्षिका व्हायचं हाये."

अंगणवाड्यांची तपासणी करायला जी बाई येते ती पर्यवेक्षिका. सेविकेला त्या जागेसाठी अर्ज करायचा तर पदवी लागते आणि वयाची अट असते. वंदनाताईंचं वय त्या अटीच्या अगदी काठावर आलं होतं. भरतीची जाहिरात त्या उन्हाळ्यात निघणार अशी कुणकुण होती. म्हणजे याच परीक्षेत सगळे विषय सुटले तर अर्ज, नाहीतर जन्मभर सेविका. हे त्यांनी त्या पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. मला माहीत नव्हतं, अशी सबब माझ्याकडे नाही.

आमच्या विषयात कुपोषणावर एक पाठ होता. त्याचा माझा कागद सगळ्यांत देखणा होता. मधोमध ‘कुपोषण’, त्याच्या डोक्यावर मोठा चौकोन ‘मातेचे अज्ञान’, आणि त्यातून खाली बाण: अज्ञानामुळे अयोग्य आहार, अज्ञानामुळे अस्वच्छता, अज्ञानामुळे आजार. मी हे वर्षानुवर्षं असंच शिकवत होतो. मला ते पटलेलंही होतं, हेही लपवत नाही. आमच्या घरी शेती आहे, पण माझी बायको कधी तान्हं मूल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निजवून निंदायला गेलेली नाही. त्यामुळे न पटण्याचं कारणही नव्हतं.

या पाठाचा नकाशा काढणे हा गृहपाठ होता. साठ-सत्तर जणांनी माझाच कागद मला परत उतरवून दिला. मी एका रविवारच्या दुपारी चहा घेत बरोबरच्या खुणा करत सुटलो होतो. त्यात वंदनाताईंचा कागद आला. अंगणवाडीच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर काढलेला, चारदा घडी घातलेला, मोठा. त्यात मधोमध होतं ‘कमी वजनाचं मूल’. एका बाजूनं रेघा येत होत्या: आई सकाळी कामावर जाते, म्हणून दुपारी खाऊ घालणारं कोणी नाही, म्हणून मोठी बहीण भरवते, म्हणून बहिणीची शाळा बुडते. दुसऱ्या बाजूनं: पाणी लांबून आणावं लागतं, म्हणून साठवलेलं पितात, म्हणून जुलाब, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. खाली एका कोपऱ्यात लहानसा चौकोन होता, ‘मातेचे अज्ञान’. त्याच्या रेघेवर लिहिलं होतं, ‘असे म्हणतात, पण’. आणि प्रत्येक रेघेखाली पेन्सिलनं बारीक आकडे टाकलेले होते.

मला वाटलं, बाई पुस्तक सोडून अंगणवाडीतलं आपलं रडगाणं लिहून आली. आकड्यांवरून नजर गेली, पण ते कसले हे मी पाहिलंही नाही. अंगणवाडीच्या रजिस्टरमधली वजनं-बिजनं असतील असं वाटलं. त्या ‘पण’भोवती मी लाल गोल केला, पूर्ण नकाशावर तिरपी रेघ मारली आणि वर ठळक अक्षरात शेरा लिहिला: ‘पाठात काय दिले आहे ते लिहावे. स्वतःचे अनुभव नकोत.’ खाली आद्याक्षरांची सही, आणि वीसपैकी सहा गुण. पुढच्या रविवारी त्यांनी तो कागद घेतला, उभ्यानं वाचला आणि पुन्हा चार घड्या घालून पुस्तकात ठेवला.

परीक्षेला तीनेक आठवडे असताना मला मारेगावच्या केंद्रावर बोलावणं आलं. तिकडच्या विद्यार्थ्यांना ही नकाशाची पद्धत दाखवायची होती. जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आपलं नाव पोचलं, म्हणून मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. माझी पुस्तकाची प्रत जुनी आणि फाटकी होती. लोकांत बरी दिसणार नाही म्हणून कपाटातली नवी प्रत घेतली. ती केव्हाची आली होती, पण तिचं प्लॅस्टिकचं वेष्टनही मी काढलेलं नव्हतं. ते मी मारेगावच्या वर्गात, सगळ्यांसमोर फाडलं.

दाखवायला मी माझा देखणा कागदच निवडला होता. फळ्यावर काढून झाला, लोकांनी माना डोलावल्या. मग मागच्या बाकावरचे आत्राम नावाचे एक गृहस्थ उठले. ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडायच्या कामावर होते. त्यांच्याजवळ पुस्तक उघडं होतं. शांतपणे म्हणाले, "सर, हे अज्ञानाचं कोन्त्या पानावर हाये?"

मी नवी प्रत चाळली. पाठ होता, शीर्षक तेच होतं. पण आतलं काही ओळखीचं दिसेना. दोन-तीन पानं मागे-पुढे केली. वर्ग वाट बघत होता. मग मी पुस्तक मिटलं आणि हसून म्हणालो, की सगळंच छापलेलं नसतं, काही ओळींच्या मधलं वाचायचं असतं, आणि तेच तर या पद्धतीत शिकायचं आहे. आत्राम "बरं" म्हणून बसले. पण ते पानं उलटतच राहिले, ते मला शेवटपर्यंत दिसत होतं.

परतताना यवतमाळला गाडी बदलायची होती आणि उमरखेडच्या गाडीला तास-दीड तास अवकाश होता. भर दुपारी स्टँडवरच्या बाकावर बसून मी तो पाठ पहिल्यांदा वाचला. पुस्तकाची आवृत्ती सुधारलेली होती. पाठ जवळजवळ नव्यानं लिहिलेला होता. त्यात आईच्या दिवसभराच्या कामाचा तक्ता होता, पाण्याचं होतं, वारंवार होणाऱ्या जुलाबांचं होतं, लहान भावंडं सांभाळण्यात शाळा बुडणाऱ्या मुलींचं होतं. शेवटी एक परिच्छेद होता: मातेचं अज्ञान हे कारण नेहमी पुढे केलं जातं, पण ते कसं अपुरं आहे. ते ‘पण’ तिथे छापलेलं होतं. पान चौऱ्याऐंशी. वंदनाताईंच्या कागदावरचे बारीक आकडे मला त्या बाकावर बसल्या बसल्या आठवले. ऐंशी, एक्क्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी. माझ्या केंद्रावर तो पाठ वाचलेली बहुधा ती एकच बाई होती, आणि मी तिला पाठ वाचून या म्हणून लिहिलं होतं.

इथपर्यंतची चूक कोणाकडूनही होते असं म्हणून मी स्वतःला सोडवू शकलो असतो. माझी शरम पुढची आहे.

परीक्षेआधीचा शेवटचा रविवार बाकी होता. मी ठरवून गेलो होतो, की वर्गात उभं राहून सांगायचं: माझा कागद फाडा, पुस्तक उघडा. दारातच केंद्रप्रमुख भेटले. मारेगावहून त्यांना फोन आला होता, खूप कौतुक झालं होतं. त्यांनी नारळ आणि शाल आणून ठेवली होती. वर्गासमोर माझा सत्कार झाला, टाळ्या झाल्या. हवालदारांनी उठून दोन शब्दही सांगितले. त्यानंतर मी उभा राहिलो आणि दुसराच पाठ शिकवला.

वर्ग सुटल्यावर वंदनाताई टेबलाजवळ आल्या. एका हातात पुस्तक होतं, त्यात बोट घालून ठेवलेलं. दुसऱ्या हातात घडी घातलेला तो कागद. म्हणाल्या, "सर, एक विचारू? परीक्षेत हा प्रश्न आला तं कोन्तं लिहू? माझं का तुमचं?"

त्यांचं बोट कोणत्या पानात आहे हे मला ठाऊक होतं. आजूबाजूला चार-पाच जण उभे होते. शाल माझ्या खांद्यावर होती. तोंडातून सत्य काढायला मला फार तर दोन शब्द लागले असते. मी म्हणालो, "कागदातलं लिहा."

त्या "बरं सर" म्हणाल्या आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेल्या.

प्रश्न आलाच. ‘मातेचे अज्ञान हेच कुपोषणाचे मूळ कारण आहे, या मताचे पाठाच्या आधारे परीक्षण करा.’ पेपर हातात आला तेव्हा मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभा होतो. निकाल लागला. आमचे बरेच जण इतर प्रश्नांच्या जोरावर कसेबसे सुटले. वंदनाताई त्या विषयात चार गुणांनी गेल्या. गृहपाठात मी कापलेले गुणच मोजले तरी त्या पास होत्या. परीक्षेतल्या उत्तराचे गेले ते वेगळेच. भरतीची जाहिरात महिनाभरात निघाली. पुढच्या परीक्षेत त्यांनी तो विषय सोडवला, पदवी मिळवली, तोवर वयाची अट मागे पडली होती. त्याच सुमारास मारेगावच्या केंद्रप्रमुखांचा आभाराचा फोन आला. त्यांचा निकाल उत्तम लागला होता. ते म्हणाले, आमचे आत्राम सगळ्यांना पान नंबर विचारत सुटले, त्यामुळे सगळ्यांनी पुस्तक वाचलं, तुमची पद्धत फार चांगली आहे. मी "असू द्या, असू द्या" म्हणालो.

केंद्राचं काम मी त्यानंतर सोडलं. कारण गुडघ्यांचं सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत.

फुलसावंगीला जायला मला दीड वर्ष लागलं. दर महिन्याला ठरवायचो आणि दर महिन्याला काहीतरी निघायचं. गेलो तेव्हा दुपार होती, मुलं खिचडी खाऊन घरी गेली होती. वंदनाताई अंगणवाडीच्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या आणि समोर गावातल्या तीन तरुण बाया होत्या. मुक्त विद्यापीठाची तीच पुस्तकं, तिघींच्या मांडीवर उघडी. मला बघून त्या उठल्या, पाणी आणलं, खुर्ची शोधू लागल्या. तिथे सगळ्या खुर्च्या लहान मुलांच्या. त्यातल्याच एकीवर मी बसलो, गुडघे हनुवटीला लागत होते.

माझी नजर भिंतीवर गेली. अ, आ, इ आणि फळांच्या चित्रांच्या शेजारी तो तक्ता खिळ्याला टांगलेला होता. चार घड्यांच्या खुणा, पेन्सिलचे आकडे, माझी तिरपी लाल रेघ, माझा शेरा.

मी म्हणालो, "ताई, तुमचं बरोबर होतं."

"मालूम हाये सर," त्या म्हणाल्या. "पान चौऱ्याऐंशी. नंबर टाकले होते ना मी."

"मी ते पाहिले नव्हते."

"हो. मागून मले वाटलंच." त्या थोडं हसल्याही. त्या हसण्यानं मला धीर आला असं नाही, पण आता थांबलो तर पुन्हा कधी बोलणार नाही एवढं कळलं. म्हणून सगळं सांगितलं. मारेगाव, यवतमाळचं स्टँड, शाल. शेवटच्या रविवारी त्यांनी मला विचारलं तेव्हा मी पाठ वाचलेला होता, तेही सांगितलं.

तिघी बायांनी पुस्तकात माना घातल्या होत्या. वंदनाताई हळूच म्हणाल्या, "हे मले मालूम नोतं. मले तवा वाटलं का सरनं वाचलं असन, मलेच समजलं नसन. म्हून तं तुमचं लिवलं."

मी दीड वर्ष चार गुणांचा आणि हुकलेल्या जागेचा हिशेब मनाशी घोळवत होतो. पुस्तक हातात असताना, पान समोर असताना, या बाईला आपल्या वाचण्यावर विश्वास ठेवू दिला नाही, हे मात्र मला तिथे त्या लहान खुर्चीवर बसल्यावर कळलं. वाचायला शिकवण्याचं काम होतं माझं. मला त्यांच्याकडे बघवेना.

येताना मी खिशात निळ्या शाईचं पेन आणलं होतं. म्हणालो, तो शेरा मी खोडतो, खाली ‘माझी चूक’ लिहून सही करतो. उठून भिंतीपाशीही गेलो. पेनाचं टोपण काढलं, तेव्हा त्या मधे आल्या.

"राहू द्या सर. कामी येते तो." त्यांनी त्या तिघींकडे बोट केलं. "या पोरीईले घाई राह्यते. लाल पाह्यलं का घाबरतेत, नाई तं लगेच आपलं खोडतेत. मी याईले सांगते, शेरा कितीबी मोठ्या मानसाचा असो, पयले नंबर काढून पान पाहा. असंच सांगतलं तं पटत नाई. म्हून टांगला."

मी पेन खिशात ठेवलं. त्यांनी चहा केला, मी घेतला. मधे त्यातल्या एकीला मी विचारलं, भिंतीवरचा शेरा कोणी लिहिला ते माहीत होतं का? ती म्हणाली, नाही, आजच कळलं, ताईंनी कधी नाव सांगितलं नव्हतं. निघताना वंदनाताई रस्त्यापर्यंत सोडायला आल्या आणि उमरखेडच्या गाडीची वेळ सांगितली. नाव का सांगितलं नव्हतं, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

गाडीला वेळ होता म्हणून मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. अंगणवाडीचं दार उघडं होतं आणि समोरच तो तक्ता. त्यांच्या पेन्सिलचे आकडे इतक्या लांबून अर्थातच दिसत नव्हते. माझ्या शेऱ्याचा मात्र शब्द न् शब्द वाचता येत होता. अक्षर चांगलं आहे माझं.